मकबूलचाचाचा पाना

आसूदच्या दुसऱ्या वळणावर पेडल
फळीला टेकलं आणि वर आलंच नाही.
गिअर उतरवले, हँडब्रेक उपटला,
डावं अंग दरडीला घासत घासत
चाळीस लाद्या बर्फासकट गाडी थांबली
मकबूल सोलकरच्या गॅरेजच्या वीस हात अलीकडे.
लोक म्हणाले, नशीब.
मी म्हटलं, दरड.

नवा मास्टर सिलेंडर खेडहून आला,
दुपारच्या एसटीनं, कंडक्टरच्या सीटखालून,
कुणाच्या तरी अळूच्या जुडीला टेकून.
चाचानं तो लगेच चढवला नाही.
शेगड्यात धरला, तेल ओतलं,
दोन आखूड नळ्या वळवून त्याच्याच टाकीत सोडल्या
आणि पेचकसानं पिस्टन दाबत बसला,
पहिलारू गाईची धार काढावी तसा.
बुडबुडे आले. येत राहिले.
चाचा, बर्फ, मी म्हटलं.
त्यानं बुडबुड्यांकडे बोट दाखवलं.

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
चाचाकडे आवाज नाही.
चौदा-पंधराचा पाना आहे.
नातवानं, सुफियाननं, मला समजावलं:
चासीवर एक ठोका, दाबा.
दोन, धरून ठेवा.
तीन, सोडा.
"दोनावर सोडू नका हां, आत ओढून घेते ती."
ती म्हणजे गाडी.

मागचं डावं चाक आधी.
लांबचा पाहुणा आधी वाटेला लावायचा.
चाकांना जांभ्याचे चिरे, खाली गोणपाट,
निपलवर सलाईनची नळी, नळीचं टोक बिसलेरीच्या बाटलीत.
भुशातून बर्फ गळत होता
थेट चाचाच्या छातीवर.
सुफियान बॅटरी धरून टाकीतलं तेल बघत होता,
तेल रेघेखाली गेलं की ओतायचं,
आणि झाकण लगेच लावायचं,
इथली हवा खारी, तेल पाणी पितं.

मला वरून काय दिसणार?
तडकलेली काच, सुपारीची बाग, उतार.
ठक.
पाय खाली.
ठक ठक.
पाय तळाशी, मांडी थरथरते,
आणि पेडल आपसूक बुडत जातं
ओल्या पुळणीत टाच बुडावी तसं.
चाचानं निपल उघडलं, हे टाचेला कळतं.
मग बंद.
ठक ठक ठक.
असं किती वेळा झालं, मोजलं नाही.

पुढच्या चाकाशी होतो, तेवढ्यात फोन.
भिकाजी नाखवा: होड्या लागल्या,
लिलाव उभा राहिला, सुरमई उन्हात पडलीय,
कुठं मेलास?
आणि माझा पाय उचलला गेला.
दोनावर.
खालून गुळगुळ आवाज आला,
चूळ भरल्यासारखा.

चाचा सरपटत बाहेर आला.
दाढीत भुसा, सदरा छातीला चिकटलेला.
मला वाटलं, पाना डोक्यात घालेल.
त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला,
मागं गेला, ताडपत्री उचलली,
आणि दोन लाद्यांच्या मधे, भुशात, ठेवून दिला.
तिथं तो वाजत राहिला, गारठत.
चाचा परत खाली.
पुन्हा मागचं डावं.

नळीतून एकच सलग, मधासारखी धार
यायला उन्हं कलली.
मग पेडल अर्ध्यावर थांबलं.
भरल्या पोत्याला पाय लावावा, तसं.
पुन्हा दाबलं. तिथंच.
मी उगाच आणखी चार वेळा दाबलं.

पैसे? तर ओल्या बोटानं
दाराच्या धुळीत आकडा काढला.
मी दिले. आकडा पुसला नाही.

हर्णैच्या बंदरात चाळिसाच्या एकोणतीस लाद्या उतरायच्या होत्या.
नाखवा बोलत होता, आईबापापासून सुरू करून.
इंजिन बंद, गाडी सपाटीला,
माझा पाय अजून पेडलवर.
म्हटलं, नाखवा, फाळक्यावर तीनदा ठोका.
काय?
ठोका तर.